नुस्तं कोंदलंय

ओल्या घोंगडीचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो सांगावा लागत नाही. त्यात मेंढीची लोकर असते, चुलीचा धूर असतो, थोडी माती, थोडी माणसाची ऊब, आणि या सगळ्यावरून हलकेच फिरून गेलेलं पाणी. महाबळेश्वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत माझं आजोळ. जून सरता सरता तिथे ढगच घरात यायचा; दारातून, कौलांच्या फटींतून, कुणी बोलावलेलं नसताना घरचंच माणूस यावं तसा. समोरचं जांभळीचं झाड आधी निळसर व्हायचं, मग पांढुरकं, आणि मग नसायचंच. अंगणात उभं राहिलं की पापण्या ओल्या व्हायच्या. पाऊस मात्र नसायचा.

"आजी, पडतोय का गं?"

"न्हाय अजून. नुस्तं कोंदलंय."

आजी घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेई आणि त्या खोळीत मला ओढी. डोळ्यांसमोर लोंबणाऱ्या काठावर लोकरीचे बारीक केस उभे असत आणि एकेका केसावर खसखशीएवढे बिंदू ओवलेले. मी श्वास रोखून बघे. एक बिंदू शेजारच्याला टेके, दोघांचा एक होई, तो जरासा सरके, सरकता सरकता वाटेतले दोन-चार गिळी, आणि केसाच्या टोकाशी क्षणभर लोंबून टप्पकन माझ्या पायावर पडे. गार.

त्या बिंदूमागे मी किती लांब आले! आज पुण्यात हवामानाच्या मॉडेलांवर काम करते, आणि दिवसचे दिवस माझ्यासमोर तोच प्रश्न असतो, जो आजीला विचारला होता. पडतोय का? ढगातला बिंदू इतका हलका की खाली यायला निघाला तर सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर उतरतो, आणि वर चढणारी हवा त्याला तेवढंही उतरू देत नाही. असे दहा लाख बिंदू एक व्हावेत तेव्हा पावसाचा एक थेंब होतो. नुसत्या वाफेच्या जिवावर वाढायचं म्हटलं तर तासन्‌तास जातील, आणि ढगाला एवढं आयुष्य कुठलं. म्हणून कुणीतरी थोडं मोठं व्हावं लागतं, थोडं आधी खाली निघावं लागतं, वाटेतल्यांना पोटात घ्यावं लागतं. घोंगडीच्या काठावर चालायचं अगदी तसंच.

आणि मॉडेलला यातलं काहीच दिसत नाही. पृथ्वीभरच्या हवामानाचा शंभर वर्षांचा हिशेब मांडायचा तर तिचे चौकोन करावे लागतात, बहुधा शंभरेक किलोमीटर बाजूचे. तसल्या एका चौकोनात महाड, महाबळेश्वर, वाई, सातारा सगळी एकत्र नांदतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि चोवीस-पंचवीस किलोमीटरवरच्या वाईला त्याचा लहानसा वाटा. पण त्या चौकोनाला एकच सरासरी ओल ठाऊक. मग ढगातल्या साऱ्या उलथापालथीच्या जागी एखादं सूत्र बसवायचं. आम्ही त्याला पॅरामीटरायझेशन म्हणतो.

त्यातलं सगळ्यात साधं सूत्र अमेरिकेतल्या एडविन केसलरांचं, 1969 सालचं. घनमीटरभर हवेत ढगाचं पाणी अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं, की वरचं पाणी हळूहळू पावसाच्या खात्यात टाकायचं. घनमीटर म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण अंगाचं मुटकुळं करून मावलो असतो एवढी जागा, आणि अर्धा ग्रॅम म्हणजे औषधाच्या ड्रॉपरमधले दहा थेंब. पहिल्यांदा ती ओळ वाचली तेव्हा मला भरूनच आलं. कुणीतरी कोंदणं आणि पडणं यांच्यामध्ये रेघ ओढली होती! पुढची सूत्रं बिंदू किती हेही विचारू लागली. कारण हवेत धूळ-धूर जास्त असला की तेच पाणी अधिक कणांवर वाटलं जातं, बिंदू लहान राहतात, पाऊस रेंगाळतो. आजीच्या चुलीचा धूर कौलांतून वर जाताना मी रोज बघितला होता. त्याच्या कणाकणावर एकेक बिंदू बसत असेल, हे कुठे ठाऊक होतं?

रेघ मात्र अजून नीट जमलेली नाही. 2010 साली उपग्रहावरच्या रडारने टिपलेल्या समुद्रावरच्या पावसाशी मॉडेलं ताडून पाहिली, तेव्हा मॉडेलांतला पाऊस जवळजवळ दुप्पट वेळा आणि फार हलका पडतो असं दिसलं. रिपरिप, नुसती रिपरिप. मॉडेलला धीर धरवत नाही, असं मला वाटतं. सर, झड, वळीव यांना लागणारं ते कोंदून राहणं त्याला साधत नाही.

महाबळेश्वरला 2012 पासून आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे. विमान न्यावं लागत नाही, ढगच उपकरणांपाशी येतो. उपकरणं त्याचे बिंदू मोजत राहतात, त्यांचे आकार लिहीत राहतात. ते आकडे उघडले की मला आधी घोंगडीचा वास येतो, मग आकडे दिसतात.

शेवटी शेवटी आजीला दिसेनासं झालं होतं. मग ती उंबऱ्यावर बसून हात बाहेर धरायची, आधी उपडा, मग उताणा. आत मामी भाकऱ्या थापत असायची, गोठ्यात गुरं हंबरायची, आणि आजी तेवढी थांबलेली. खूप वेळ. मग हळूच म्हणायची, "आता."

तिचा शब्द पुरता संपायच्या आत गोठ्याच्या पत्र्यावर पहिला टप् वाजायचा, मग दुसरा. मी तिच्या तळहाताकडे बघायची. त्यावर अजून काहीच पडलेलं नसायचं.