टकटक की खटखट?

अण्णांना फोनवरून गाडीचा आवाज ऐकवायचा पहिला प्रयत्न पार फसला. बोनेट उघडून मोबाईल इंजिनाजवळ धरला आणि मिनिटभर तशीच उभी राहिले. तिकडे साताऱ्यात अण्णा विचारत होते, "काहीच ऐकू येत नाही गं. गाडी बंद आहे का?" इंजिनाची सलग घरघर फोनला गोंगाट वाटते आणि तो ती गाळून टाकतो, हे मागाहून कळलं. अण्णांनी मग त्यांचा जुना मार्ग सांगितला. "मोठा स्क्रू ड्रायव्हर घे. टोक टॅपेट कव्हरवर टेकव, मूठ कानामागच्या हाडाला लाव. आता सांग मला. टकटक आहे की खटखट?"

टकटक म्हणजे टॅपेट ढिले. खटखट म्हणजे बेअरिंग गेलं. टकटकीला एक रविवार पुरतो. खटखट निघाली तर इंजिनच खाली उतरवायचं.

"टकटक," मी म्हणाले. फोनच्या त्या टोकाला अण्णांनी सोडलेला श्वास मात्र मला स्वच्छ ऐकू आला.

माझी गाडी 1973 सालची एमजीबी रोडस्टर. दोन सीटची, गडद हिरव्या रंगाची, टप काढून मागे ठेवता येतो अशी. एमजी म्हटलं की आता भारतात नव्या, उंच गाड्या डोळ्यांसमोर येतात. ही त्या नावाची जुनी गाडी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधलं विल्यम मॉरिसचं दुकान. एमजीबी 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात तयार झाली, पाच लाखांहून जास्त. मी राहते रेडिंगला, तिथून जेमतेम 40 किलोमीटरवर. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. 2016 मध्ये ही गाडी घेतली तेव्हा घरच्यांना वाटलं, हिला आता स्पोर्ट्स कारची हौस आली. हौस होतीच, ती नाकारत नाही. पण गाडी बघायला गेले होते तेव्हा मालकाने सेल्फ मारला, इंजिन एकदा खाकरलं, दुसऱ्यांदा खाकरलं आणि सुरू झालं. मी त्या शेडमध्ये जागच्या जागी उभी राहिले. हा आवाज माझ्या घरचा होता.

अण्णांची टुरिस्ट अ‍ॅम्बेसेडर होती, पेट्रोलची. सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर हा तिचा रोजचा रस्ता. एप्रिल-मे महिन्यात घाट चढताना उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी दम टाकायची. अण्णा कडेला थांबून बोनेट उघडायचे, फडका ओला करून पंपावर ठेवायचे आणि सगळ्या प्रवाशांना चहाला पाठवायचे. सुटीत मी पुढच्या सीटवर असायचे. फडका भिजवायचं काम माझं.

अ‍ॅम्बेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालमध्ये उत्तरपाड्याला 2014 पर्यंत ती निघत होती. तिच्या पेट्रोल गाड्यांत वर्षानुवर्षं बसवलेलं 1489 सीसीचं इंजिन आणि माझ्या एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं. इंग्लंडमध्ये त्याला 'बी सिरीज' म्हणतात. लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह एका ओळीत. एक घाटातली टॅक्सी आणि दुसरी तरुण पोरांनी स्वप्नात बघितलेली स्पोर्ट्स कार, पण खोकतात सारख्याच. मला हे त्या शेडमध्ये ठाऊक नव्हतं. कानाला ठाऊक होतं.

घेताना मात्र मी एक चूक केली. इंजिनाच्या आवाजावर भुलले आणि पत्रा बघितलाच नाही. चार दारं सोडून राहणाऱ्या आजोबांनी तरुणपणी अशाच गाड्या चालवलेल्या. त्यांनी एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळला आणि दाराखालच्या पट्टीवरून सावकाश फिरवत नेला. उजव्या बाजूला तो सगळीकडे चिकटला. डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या अलीकडे हातभर जागेत नुसता घसरत गेला. रंगाखाली लोखंड नव्हतंच, गंजाने खाल्लेल्या भोकांत लांबी भरलेली होती. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ चाळीसहून जास्त वर्षं आत झिरपत गेलं की पत्र्याचं हेच होतं.

छत असलेल्या गाडीत हा गंज चार-दोन वर्षं चालून गेला असता. रोडस्टरला छत नसतं. गाडी मधून वाकू नये याचा मुख्य भार दाराखालच्या त्या दोन पोकळ पट्ट्यांवर, त्यांना 'सिल' म्हणतात. सिल कापून नवी बसवायची तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा टेकू जोडावा लागतो. नाहीतर कापल्याबरोबर गाडी कणाभर खचते आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. ते काम मी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं. महिनाभर गाडी तिथे होती आणि खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला. रोज संध्याकाळी कामावरून परतताना मी तिथे डोकवायचे. रंग खरवडलेली, चाकं काढलेली, ठोकळ्यांवर ठेवलेली. रुग्णालयात वॉर्डात कुणाला भेटून यावं तसं मन जड व्हायचं.

पण टकटकीचं सांगत होते. टॅपेट जुळवायचे म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी रॉकरची बोटं यांच्यातली फट मोजायची. इंजिन गार असताना ती 15 थाउ हवी, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले पंधरा. फिलर गेजची त्या जाडीची पाती फटीत सरकवायची. ती घसाघसा जाता कामा नये आणि अडकताही कामा नये. लोणी लावलेल्या सुरीसारखी, किंचित ओढ देत जायला हवी. पण ज्याची फट मोजायची तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला पाहिजे, आणि आठांपैकी कुठला मिटलाय हे कसं ओळखायचं?

अण्णांनी मला हे आठ वर्षांची असताना शिकवलं होतं. रात्री अंगणात गाडी उभी, माझ्या हातात बॅटरी. अण्णा पुढून हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवायचे आणि विचारायचे, "कुठला दबला?" मी ओळीत मोजून सांगायचे, "आठवा." "मग नवात किती कमी?" "एक." "पहिला कर." तिसरा दबला की सहावा, पाचवा दबला की चौथा. बेरीज नेहमी नऊ. मला तेव्हा वाटायचं, गणितात मी कच्ची म्हणून अण्णा ते मुद्दाम विचारतात.

एमजीबीला हँडल घालायची सोय नाही. चौथा गिअर टाकायचा, हँडब्रेक सोडायचा आणि गाडी वीतवीत पुढे ढकलायची, की इंजिन फिरतं. त्या रविवारी आजोबांनी ढकललं. मी कव्हर काढून वाकले होते. "आठवा दबला," मी इंग्रजीत म्हणाले, आणि आजोबा काही बोलायच्या आत पान्याने पहिला ढिला केला. आजोबा क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, हा नवाचा नियम तुला कुणी शिकवला? आयुष्यभर मी ती आमच्या अंगणातली गोष्ट समजत होते. इकडेही मेकॅनिक तीच बेरीज करतात, हे मला 41 व्या वर्षी, दोन्ही हात तेलाने माखलेले असताना कळलं. आजोबा घरी गेले आणि मी तिथेच पायरीवर बसून अण्णांना फोन लावला.

अण्णांना न येणारी एकच गोष्ट या गाडीत निघाली. त्यांच्या गाडीला कार्बुरेटर एक, हिला दोन. पहिल्या दोन सिलिंडरना एक आणि मागच्या दोघांना दुसरा. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर गाडी उभ्या उभ्या थरथरते आणि पिकअप घेताना अडखळते. ते जुळवायला रबरी नळीचा हातभर तुकडा लागतो. एक टोक कानात, दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी. आत 'स्स्स' असा आवाज येतो. तो लक्षात ठेवायचा, नळी दुसऱ्या तोंडाशी न्यायची. इथला बारीक असेल तर स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा पहिला ऐकायचा. हे मी आजोबांकडून शिकले. अण्णांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दोन पोरांना एका ताटात वाढल्यासारखं आहे की."

ही सगळी गाडी मला मराठीतच कळते. ती मिसिंग करते, तेल खाते, पाणी पिते, गार असली की रुसते. इथल्या मेकॅनिकशी बोलताना मी मनात आधी अण्णांचा शब्द शोधते आणि मग त्याचं इंग्रजी करते. फुसफुस, फटफट, किरकिर, करकर यांत जो फरक आहे तो करायला मला दुसऱ्या भाषेत पाच वाक्यं लागतात, आणि तरी समोरचा म्हणतो, जरा चालवून दाखवता का?

चालवण्यातला आनंद सांगायचा तर तो वेगाचा नव्हे. मोटरवेवर कुठलीही साधी नवी गाडी हिला मागे टाकते. आनंद खाली बसण्यात आहे. सीट इतकी जमिनीलगत की दार उघडून हात खाली सोडला तर बोटं रस्त्याला लागतात. पॅंगबर्न, स्ट्रीटली, वॉलिंगफर्ड असा थेम्स नदीच्या काठाकाठाने रस्ता जातो. टप काढलेला, हीटर पायांवर सोडलेला, डोक्याला रुमाल. कापलेल्या गवताचा वास येतो, पुढच्या वळणावर ओल्या मातीचा, मग कुणाच्या तरी चुलीचा. वर आकाशात दुभंगलेल्या शेपटीच्या तांबड्या घारी घिरट्या घालत असतात. त्या या भागातून नाहीशा झाल्या होत्या, 1989 पासून चिल्टर्नच्या टेकड्यांवर पुन्हा आणून सोडल्या. छत असलेल्या गाडीतून मला त्या आधीच्या बारा वर्षांत एकदाही दिसल्या नव्हत्या.

याच रस्त्यावर गाडी एकदा बंद पडली. वॉलिंगफर्डच्या अलीकडे, पावसात. हिचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि तो मागे, उजव्या चाकाजवळ असतो. चावी फिरवली की टिकटिकटिक करतो आणि कार्बुरेटर भरले की गप्प होतो. ती टिकटिक ऐकल्याशिवाय मी सेल्फ मारत नाही. त्या दिवशी चावी फिरवली आणि नुसती शांतता. आतले पॉइंट जळून चिकटले होते, जुन्या पंपांचं हे होतंच. तारांच्या चाकांचं मधलं बोंड सोडवायला मी तांब्याची हातोडी बाळगते. तीच घेतली, आडवी झाले, पंपाच्या अंगावर हलकेच दोनदा ठोकलं. टिक. टिक टिक. टिकटिकटिक. परतीच्या भिजलेल्या रस्त्यावर मी कान मागेच ठेवला होता. घरी येऊन पॉइंट पॉलिश पेपरने घासले आणि पुढच्या महिन्यात पंप बदलला.

रबरी नळ्याही सगळ्या बदलल्या. 2021 पासून इथल्या साध्या पेट्रोलात 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने मऊ पडून चिरतं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे 20 टक्के आहे. आपल्याच उसाचं." त्यात थोडा अभिमानही होता. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे वाहनकर नाही आणि वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. तपासणी मी तरी दर वर्षी करून घेते. ब्रेकच्या बाबतीत स्वतःच्या कानावर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

मागच्या महिन्यात नवा आवाज सुरू झाला. डावीकडे वळताना मागून किणकिण. सरळ रस्त्यावर काही नाही, उजवीकडे वळताना काही नाही. आजोबा म्हणाले, तारांचं चाक बघ. एका चाकाला 60 स्पोक असतात. ताणलेला स्पोक पान्याने वाजवला की घंटीसारखा बोलतो, ढिला झालेला बद्द वाजतो. माठ घेताना आई बोटाच्या पेराने वाजवून बघायची, अगदी तसं.

रविवारी चाक काढून पायरीला टेकवलं आणि अण्णांना फोन लावला. सलग घरघर फोन गिळतो, पण एकेक ठोका पोचतो. अण्णांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. कान अजून तसेच आहेत. मी वाजवत गेले. टण्ण. टण्ण. टण्ण. अण्णा तिकडून आकडे मोजत होते. सदतिसाव्याला ते थांबले.

"परत वाजव," ते म्हणाले.