खोताचं अंगण आणि आमचं अंगण

जातीवर बोलायचं म्हटलं की भांडण होणार, असं मनाशी धरूनच मी गेले होते. ठाण्याजवळ दिवा पूर्वेला, मुंब्रादेवी कॉलनीच्या बाजूला, शिकवणीची एक खोली रविवारी दुपारी रिकामी असते. तिथे दहा-पंधरा माणसं चटईवर बसतात. मेगाब्लॉक असला की निम्मी उशिरा पोचतात. मला शेजारच्या ताईंनी नेलं. "तिथे करता काय?" असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "वाचतो. मग ज्याच्यावर जे गुदरलं ते तो सांगतो. एवढंच."

मला आधी हेच समजेना की वाद का होत नाही. तिथला नियम असा की कुणी स्वतःचा अनुभव सांगितला तर त्यावर "असं नसेल हो", "तुमचा गैरसमज झाला असेल" म्हणायचं नाही. मतं मांडायची ती पुस्तकावर बोलताना. नर्सिंग शिकणारी एक मुलगी भाड्याची खोली बघायला गेल्याचं सांगत होती. मालकिणीने डिपॉझिट ठरवलं, चहा दिला, मग पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकून गाव विचारलं. गाव कळल्यावर गावातली वाडी विचारली. संध्याकाळी फोन आला की खोली पुतण्याला दिली. मी कोकणातली, तिकडे वाडीवरून जात कळते, त्यामुळे वाडी कशासाठी विचारतात हे मला समजावून सांगावं लागत नाही. तरीही 'पुतण्या खरंच आला असेल' हे माझ्या ओठांवर आलं होतं. नियम होता म्हणून गप्प बसले. मग दुसऱ्याने आपलं सांगितलं, तिसऱ्याने सांगितलं. इमारती वेगळ्या, मालक वेगळे, प्रश्नांचा क्रम तोच. एकीचं ऐकून योगायोग म्हणता येतो. ओळीने ऐकल्यावर तो शब्द तोंडातून निघत नाही. हे घरी एकटीने वाचून मला कधीच उमगलं नसतं.

त्यानंतर मी पुरती गोंधळले, कारण बैठक एकदम अमेरिकेत गेली. रेल्वेत गँगमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक काका ओकलंड शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेबद्दल बोलायला लागले. दिव्यातल्या भाड्याच्या खोलीचा आणि ओकलंडचा काय संबंध, मला कळेना. काकांनी तो सावकाश उलगडला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मोकळं करण्यासाठी झीज सोसली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांनाही तोच मार्ग धरता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी जुलैत उत्तरही दिलं. आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ओकलंडच्या पँथरचं नाव घेऊनच. "आपलं दुखणं जगात एकट्याचं नाही हे कळलं," काका म्हणाले, "की माणूस लाजायचा थांबतो आणि विचारायला लागतो."

मग त्यांनी फरकही सांगितला आणि तो ऐकताना मला त्या मुलीचा चहाचा कप आठवला. तिकडे कातडीचा रंग लांबून दिसतो, इकडे जात दिसत नाही. आमच्या लेडीज डब्यात सकाळी पाय ठेवायला जागा नसते, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे हे कळत नाही, तिथे कोण कुणाची जात ओळखणार? म्हणून ती विचारून घ्यावी लागते: आडनाव, गाव, वाडी, कुलदैवत. हे विचारणं समुद्रापारही गेलं आहे. २०२३ साली सिअ‍ॅटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तो प्रस्ताव आणणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या.

इथवर मी हे सगळं 'त्यांचं' म्हणून ऐकत होते, मनापासून, पण त्यांचं म्हणून. पुढच्या एका रविवारी खोतीचा, म्हणजे कोकणातल्या जुन्या जमीनदारीचा, विषय निघाला आणि माझी जागाच बदलली.

आम्ही रत्नागिरीकडचे कुणबी. माझे आजोबा खोताचे कूळ. राबायचं त्यांनी, पिकलं की वाटा मोजून खोताच्या घरी पोचवायचा, वर बोलावणं आलं की फुकट कामाला जायचं. खोताच्या अंगणात ते उभे राहायचे, ओटीवर कधी चढले नाहीत. हे आमच्या घरात नेहमी सांगतात. मला जे कुणीच सांगितलं नव्हतं ते असं: १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते डॉ. आंबेडकरांनी. पुढल्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने विधानसभेवर गेले, त्यात कुणबी होते, महार होते, आगरी होते. ते विधेयक तेव्हा संमत झालं नाही. खोती कायद्याने गेली १९४९ साली. दातिवलीचा एक आगरी रिक्षावाला दादा बैठकीला येतो, त्याने लगेच चरीचा संप सांगितला. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसली नाही. उपाशी राहिले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब त्यांच्याही पाठीशी होते. आमच्या सातबाऱ्यावर आज जे नाव आहे, त्यामागे हा माणूस उभा आहे, आणि आमच्या वाडीत त्याची जयंती कधी झाली नाही. ती पऱ्ह्यापलीकडे, बौद्धवाडीत व्हायची.

त्याच बैठकीत गँगमन काकांनी मला शांतपणे विचारलं, "ताई, तुमच्या अंगणात कोण उभं राहायचं?"

उत्तर मला ठाऊक होतं. बौद्धवाडीतली माणसं लावणी-कापणीला यायची आणि आमच्या अंगणात उभी राहायची. त्यांचा पाणवठा वेगळा. त्यांना चहा ज्या कपातून मिळायचा तो पडवीच्या वळचणीला खोचलेला असायचा. खोताकडे उभे राहणारे माझे आजोबा आपल्या अंगणात बसून त्यांच्याशी बोलायचे, तेही प्रेमाने. 'मूकनायक'च्या १९२० सालच्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली आहे, ती त्या दिवशी आम्ही वाचली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. मला तेव्हा कळलं की मधल्या मजल्यावरचा माणूस वरच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोलतो आणि खालच्याबद्दल त्याच्या घरात एक शब्द निघत नाही. खोताने केलेला अन्याय आम्हाला तपशीलवार पाठ आहे. वळचणीच्या कपाची गोष्ट आमच्याकडे कुणी कधी सांगितलेली नाही.

माझं ठाम मत आहे की अशा बैठकांची सर्वांत जास्त गरज आम्हा मधल्या मजल्यावरच्यांना आहे. बौद्ध वस्त्यांमध्ये वाचन, व्याख्यानं, जयंत्या यांची रीत जुनी आहे, ते आपली पुस्तकं वाचतातच. खोलीत कमी असतो ते आम्ही. आणि भाड्याची खोली देताना वाडी विचारतात ते बहुतेक आमच्यातलेच.

दिव्यात निम्मं कोकण राहतं, सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते. ज्यांच्या घरी खोताच्या गोष्टी सांगतात, त्या सगळ्यांना माझी विनंती आहे की रविवारी दुपारी या, नाहीतर आपल्या चाळीत अशी बैठक सुरू करा. सुरुवातीला काही बोललं नाही तरी चालतं. फक्त येण्याआधी गावी फोन करून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन्ही गोष्टी विचारा: खोताच्या अंगणात आपण कुठे उभे राहायचो, आणि आपल्या अंगणात कोण उभं राहायचं.