फळीवरची नाणी

१९६६ सालच्या ऑक्टोबरात अर्थशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठी मी लंडनला दाखल झालो, तेव्हा राहण्याच्या जागेची तजवीज आठ दिवसांत होईल असा माझा समज होता. प्रत्यक्षात तिला पाच आठवडे लागले. वर्तमानपत्रांच्या दुकानांतून भाड्याच्या खोल्यांच्या चिठ्ठ्या काचेला लावलेल्या असत, आणि त्यांतल्या काहींच्या तळाशी गोऱ्यांखेरीज इतरांनी येऊ नये असे सरळ लिहिलेले असे. आदल्याच वर्षी तेथे वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला होता. परंतु त्याचा अंमल उपाहारगृहे, नाट्यगृहे अशा सार्वजनिक ठिकाणांपुरताच असून, घरभाड्याचा व्यवहार कायद्याच्या कक्षेत यायला १९६८ साल उजाडावे लागले.

त्या चिठ्ठ्यांनी मला फारसे दुःख दिले नाही. मन पोळले ते सौजन्याने. दूरध्वनीवर ‘अवश्य या’ म्हणणारी घरमालकीण अर्ध्या तासाने दार उघडी, आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत अत्यंत मृदू स्वरात सांगे, की खोली नुकतीच गेली. संध्याकाळी चिठ्ठी काचेला तशीच असे.

अखेर जी खोली मिळाली तिच्या गॅसच्या मीटरला शिलिंगची नाणी लागत, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून मी नेहमी मोड घेई. दुकानदार सभ्य होता. हवापाण्याची चौकशी करी, माझे इंग्रजी इतके चांगले कसे याचे दर आठवड्याला नव्याने नवल करी. माझ्या पुढच्या बाईच्या तळहातावर तो सुटे पैसे मोजून ठेवी. माझी पाळी आली की माझा पुढे केलेला हात तसाच राही आणि नाणी फळीवर, हातापासून वीतभर अंतरावर, ठेवली जात. पावसाळी दिवसांत फळी ओली असे. नाणे तिला चिकटून बसे, ते नखाने उचकटावे लागे, आणि तेवढा वेळ मागची माणसे मुकाट उभी असत.

असेच एकदा नाणे उचकटताना मला आमच्या साताऱ्याकडच्या वाड्याची पायरी आठवली. माझी आजी मायाळू; दारी आलेल्या भुकेल्याला तिने कधी विन्मुख पाठवले नाही. पण गावकुसाबाहेरून लाकडे फोडायला येणाऱ्या माणसाची मजुरी ती त्या पायरीवर ठेववी, आणि ठेवणारा मीच असे. नाणी ठेवायची, दोन पावले मागे सरायचे, मग त्याने पुढे येऊन ती उचलायची. तो माझ्या वडिलांहून वडील होता आणि आठ वर्षांचा मी त्याला अरे-तुरे करी. परदेशात शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही त्यांना हुसकावून लावण्यात आले, हे मी कॉलेजात असताना वाचून संतापलो होतो. तरी आमची पायरी मला तेव्हा दिसली नव्हती.

त्या रात्री मी वडिलांना पत्र लिहून त्या माणसाचे पूर्ण नाव विचारले, कारण हाक मारण्याच्या नावापलीकडे मला काहीच ठाऊक नव्हते. तीन आठवड्यांनी उत्तर आले. पाऊस, ज्वारी, आजीचे गुडघे, असा सारा मजकूर होता, आणि अखेरीस एवढेच, की तो गेल्या वैशाखात वारला; आडनाव घरात कोणालाच माहीत नाही.