छत्र्यांची सर्कस: घराण्याबाहेर गेली म्हणून टिकलेली विद्या

१/ ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. खांबलिंगेश्वराचे दर्शन, बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, आकाशपाळणे, तमाशाचे फड. मुरबाड, शहापूर, कर्जत या तालुक्यांतील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या येथे येत आले आहेत. अशा जत्रांच्या कडेला पूर्वी हमखास एक दोर ताणलेला दिसे. ढोलकी वाजे, डोंबाऱ्याचे मूल हातातली काठी सावरीत दोरावरून चाले आणि खेळ संपला की थाळी फिरे. तिथे तंबू नसे, तिकीट नसे आणि खेळ करणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नसे.

२/ तोच तोल तंबूखाली, दिव्यांच्या उजेडात, बँडच्या साथीने दाखवला की त्याला सर्कस म्हणतात. भारतातील पहिली आधुनिक सर्कस एका मराठी घराण्याने उभी केली. संस्थाने, इंग्रजी राज्य, महायुद्धे, स्वातंत्र्य आणि नवे कायदे या सर्वांतून ही विद्या पार झाली. मात्र ती ज्या घराण्यात जन्मली, तिथे उरली नाही. ही गोष्ट त्या प्रवासाची.

३/ आधी एक चूक दुरुस्त करू. अनेक इंग्रजी लेखांत ‘कुर्डुवाडीच्या राजा’चा उल्लेख येतो. कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्यातील रेल्वे जंक्शन. तिथे संस्थान नव्हते. संस्थान होते कुरुंदवाडचे, पटवर्धनांचे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे, नृसिंहवाडीच्या शेजारचे हे गाव आज कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात आहे. या दरबाराच्या घोड्यांच्या पागेशी विष्णुपंत मोरेश्वर छत्रे (१८४०–१९०५) यांचा संबंध होता.

४/ विष्णुपंत तरुणपणी ग्वाल्हेरला गेले. शिंद्यांच्या त्या राजधानीत त्यांनी अश्वविद्या शिकली, आणि थोर ख्यालगायक हद्दू खाँ यांच्याकडे गाण्याची तालीमही घेतली. घोडा आणि ख्याल या दोन्ही विद्या त्यांना स्वतःच्या घराण्याबाहेरून मिळाल्या. पुढचा सर्व प्रवास समजण्यासाठी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

५/ १८७० च्या दशकाच्या अखेरीस जुझेप्पे किआरिनी या इटालियन गृहस्थाची ‘रॉयल इटालियन सर्कस’ मुंबईत आली. हिंदुस्थानात अशी सर्कस निघायला अजून पुष्कळ काळ जावा लागेल, असे त्याने म्हटले आणि विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले, अशी कथा सांगतात. कथेला पुढे झिलई चढली असेल; परिणाम मात्र समोर आहे. २० मार्च १८८० हा ‘ग्रेट इंडियन सर्कस’च्या पहिल्या प्रयोगाचा दिवस मानला जातो.

६/ हा काळही पाहण्यासारखा आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली होती. १८७८ मध्ये लिटनच्या सरकारने शस्त्रांचा कायदा आणला आणि परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. स्वारी, पट्टा, मल्लखांब या एके काळच्या लष्करी समाजाच्या विद्या. फौजा संपल्या, शस्त्रे गेली. कमावलेली शरीरे मात्र उरली होती. सर्कशीच्या रिंगणाने त्या शरीरांना पोटाचा धंदा दिला.

७/ संस्थानिकाच्या मर्जीवर शंभर माणसे आणि जनावरे फार दिवस पोसली जात नाहीत. छत्र्यांनी ती जबाबदारी तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकावर टाकली. त्यासाठी सतत नवे गाव हवे, आणि नव्या गावी पोहोचायला रेल्वे हवी. १८६० च्या दशकात बोरघाट आणि कसारा घाट या दोन्ही वाटांनी रेल्वे सह्याद्री ओलांडून गेली होती. घोडे, पिंजरे, तंबू आता वाघिणींत चढवता येऊ लागले.

८/ या बदलाच्या दोन बाजू शहापूर आणि मुरबाड या शेजारच्या तालुक्यांत दिसतात. शहापूरला आसनगाव स्थानक आहे, कसाऱ्याचा लोहमार्ग आहे. मुरबाडला आजही रेल्वेगाडी जात नाही. मोठा तंबू रुळांच्या कडेने फिरला. रुळांपासून दूरच्या गावांना जत्रा आणि जत्रेतला दोर हीच सर्कस होती.

९/ दोर तोच, पण सरकारची नजर वेगळी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. तंबू घेऊन गावोगाव फिरणारी कंपनी व्यवसाय करीत होती आणि पाल घेऊन गावोगाव फिरणारे कुटुंब पोलिसांच्या नजरेत संशयित होते. दोघांत कौशल्याचे अंतर फारसे नव्हते. अंतर होते ते भांडवलाचे, जातीचे आणि राजाश्रयाचे.

१०/ १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्कस मलबारात तलश्शेरीला पोहोचली. तिथे कीलेरी कुंञिकण्णन हे कळरिपयट्टू आणि कसरतींचे शिक्षक बासेल मिशनच्या शाळेत होते. छत्र्यांशी भेट झाल्यावर त्यांनी सर्कशीसाठी मुले तयार करण्याचे काम अंगावर घेतले आणि १९०१ मध्ये तलश्शेरी परिसरात सर्कशीची शाळा काढली. कोणतेही घराणे सहसा आपले गुपित जपते. छत्र्यांची विद्या इथे शिकवण्याजोगी आणि शिकण्याजोगी झाली.

११/ विष्णुपंतांनी दुसरे एक ऋणही फेडले. गुरू हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ त्यांना काशीत विपन्नावस्थेत भेटले. विष्णुपंतांनी त्यांना आपल्याबरोबर आणले, सांभाळले, त्यांच्या मैफली घडवून आणल्या. वाघ-घोड्यांच्या त्या लवाजम्याबरोबर ख्यालगायकीही गावोगाव फिरली. ‘भूगंधर्व’ म्हणून गौरवले गेलेले रहिमत खाँ अखेर कुरुंदवाडलाच राहिले आणि १९२२ मध्ये तिथेच निवर्तले.

१२/ सर्कशीचा कारभार पुढे चुलत घराण्यातील काशिनाथपंत छत्र्यांकडे आला. १९०५ मध्ये विष्णुपंत गेले. तोवर या वाटेने इतरही निघाले होते: म्हैसाळचे देवल, तासगावचे माळी, तसेच कार्लेकर, शेलार. विष्णुपंतांच्या पत्नीनेही रिंगणात कामे केल्याची नोंद सर्कशीच्या इतिहासांत आहे. पण मालकांची नावे जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत, आणि झुल्यावरच्या स्त्रिया, तंबू उभारणारे मजूर, पिंजरे धुणारे नोकर मात्र बहुतांशी नावाविना, हीच या इतिहासाची रीत.

१३/ या गर्दीतून एक नाव जगभर गेले. पुण्याचे दामू धोत्रे (१९०२–१९७३) मामा तुकाराम गणपत शेलार यांच्या सर्कशीत लहानाचे मोठे झाले. पुढे ते फ्रेंच पशुशिक्षक आल्फ्रेड कोर्ट यांच्याबरोबर युरोपात गेले. दुसरे महायुद्ध पेटले आणि १९४० मध्ये ते अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात वाघ, बिबटे खेळवू लागले. महायुद्धाच्या काळात त्यांनी अमेरिकी सैन्यातही चाकरी केली. मामाच्या तंबूत शिकलेला मुलगा परक्या देशाच्या गणवेशात उभा राहिला.

१४/ मार्च १९४८ मध्ये कुरुंदवाडसह दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. ज्या दरबाराच्या आधाराने सर्कस जन्मली, तो दरबारच संपला. तोवर मराठी सर्कशींचा बहरही ओसरत आला होता. १५ ऑगस्ट १९५१ रोजी तेव्हाच्या मुंबई राज्यातील बिलिमोरा येथे ‘जेमिनी सर्कस’चा पहिला प्रयोग झाला. तिचे मालक एम. व्ही. शंकरन तलश्शेरीचे, कुंञिकण्णन यांचे विद्यार्थी. कुरुंदवाडहून मलबारला गेलेली विद्या साठएक वर्षांनी दुसऱ्याच घराण्याच्या हातून परत आली.

१५/ पुढचे आघात कायद्याचे होते आणि ते न्याय्य होते. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सर्कशीतील बालमजुरी थांबवण्याचे आदेश दिले. या निर्णयांनी सर्कस संपवली, अशी हळहळ नेहमी ऐकू येते. ती व्यक्त करताना एवढे आठवावे की शतकभर या वैभवाची किंमत मोजणाऱ्यांत पिंजऱ्यातली जनावरे आणि झुल्यावरची लेकरे होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

१६/ मार्च २०२०. १९९१ मध्ये सुरू झालेली आणि आता दुसऱ्या पिढीच्या हाती असलेली पुण्याची ‘रॅम्बो सर्कस’ ठाणे जिल्ह्यात ऐरोलीला मुक्कामी होती. टाळेबंदीने तंबू जागच्या जागी थांबला. त्या उन्हाळ्यात मुंबई-नाशिक महामार्गावरून, शहापूर-कसाऱ्याच्या वाटेने, हजारो मजूर गावाकडे पायी निघाले होते. फिरणे हाच ज्यांचा धंदा, ते कलावंत मात्र एका मैदानात अडकून पडले. त्याच वर्षी त्यांनी ऑनलाइन प्रयोग केला. तिकीट तेवढे पडद्यावर गेले.

१७/ छत्र्यांची सर्कस आज नाही. विष्णुपंतांनी ती फक्त वारसांच्या हाती ठेवली असती, तर विद्याही तिच्याबरोबर गेली असती. गुरूकडून घेतले, परक्या मुलुखातल्या शिक्षकाला दिले, म्हणून ती राजवटी बदलल्या तरी जगली.

१८/ आणि जत्रेतला दोर? त्या घराण्यांतही बापाकडून लेकराकडे हीच विद्या जात होती, बहुधा विष्णुपंतांच्या कितीतरी आधीपासून. त्यांना कोणी संस्थानिक भेटला नाही, शाळा मिळाली नाही. मिळाला तो संशय. ‘पहिली भारतीय सर्कस १८८० ची’ हे वाक्य बरोबर आहे. ते लिहिताना त्यात तंबू, तिकीट आणि कंपनी मोजली आहे, तोल सांभाळणारी पावले मोजलेली नाहीत, एवढे मात्र ध्यानात असावे.