मामांचं मंत्रिपद आणि आमचं पाणी

आमचं कळस इंदापूर तालुक्याच्या जिरायती अंगाला. गवताचा माळ, चिंकारा, मेंढरांचे कळप अन् पावसावरची बाजरी. दक्षिणेला नीरा डाव्या कालव्याखालचा ऊस, उत्तरेला उजनीचा फुगवटा, आणि मधे आम्ही. त्यामुळं निवडून आलेल्या माणसाला आमच्याकडं एकच सवाल असतो, "पाण्याचं काय केलं?"

दत्तात्रय भरणे अंथुर्ण्याजवळच्या भरणेवाडीचे. सारा तालुका त्यांना मामा म्हणतो. छत्रपती कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद अशा पायऱ्या चढत ते वर आले. २००९ ला विधानसभेला पडले. २०१४ ला मात्र १९९५ पासून आमदार असलेल्या आणि बरीच वर्षं मंत्री राहिलेल्या हर्षवर्धन पाटलांना त्यांनी हरवलं. २०१९ ला पुन्हा तीच लढत. या खेपेला फरक अवघा ३,११० मतांचा. त्याच डिसेंबरात मामा राज्यमंत्री झाले. आमचे चुलते पारावर म्हणाले, "आता पानी आलंच म्हणून समज!"

२०२० ला मामा सोलापूरचे पालकमंत्री झाले आणि खरा पेच तिथं पडला. उजनीचं धरण सोलापूर जिल्ह्यात, पण फुगवट्याखाली जमिनी बुडाल्या त्या इंदापूरच्याही. धरणाच्या पाण्यावर खालचा सोलापूरकर ऊस-डाळिंब जगवतो. आमचं म्हणणं, जमीन आमची गेली, मग घोटभर तरी द्या. त्याचं म्हणणं, मंजूर पाण्यातला थेंब हलवू नका. दोघांचंही खोटं नव्हतं.

एप्रिल २०२१ मध्ये पुण्याचं सांडपाणी म्हणून उजनीत येणाऱ्या पाण्यातलं पाच टीएमसी इंदापूरला द्यायचा आदेश निघाला. इकडं आनंद, तिकडं सोलापुरात आंदोलनं. ज्याला आमचं पालक केलं, त्यानंच आमचं पाणी पळवलं, असा तिकडचा सूर. महिन्याभरात, मे मध्ये, सरकारनं आदेश मागं घेतला.

पारावर पोरं चिडली. चुलते शांतपणे म्हणाले, "घरचा माणूस पंच झाला की घरच्याला झुकतं माप देता येत न्हाई. दिलं तर बाकीचे उठत्यात." त्या दिवशी मला मंत्रिपदाचं वजन कळलं. मतं एका तालुक्याची, खुर्ची मात्र सगळ्यांची.

पुढं २०२२ ला इंदापूर-बारामतीच्या कोरडवाहू गावांसाठी लाकडी-निंबोडी उपसा योजनेला मंजुरी मिळाली. तेव्हाही सोलापुरातून विरोध झालाच. मग सरकारं बदलली, पक्ष दुभंगला. मामा अजितदादांबरोबर राहिले, २०२४ ला तिसऱ्यांदा निवडून आले आणि कॅबिनेट मंत्री झाले. आधी क्रीडा खातं होतं, २०२५ मध्ये कृषी खातं आलं. आता सोलापूरच काय, विदर्भ-मराठवाड्याचा शेतकरीही त्यांना तोच सवाल विचारणार, जो आम्ही विचारतो.

गावात सत्काराचे फलक लागले की पोरं फोटो काढतात. काढू द्यावेत, आपल्या मातीतला माणूस मोठा झाल्याचा आनंद खोटा नसतो. पण पोरांना मी एवढंच सांगतो: आदेश महिन्यात येतो अन् महिन्यात जातो. टिकतं ते नियोजनात बसवलेलं पाणी आणि जमिनीत पुरलेला पाइप. गुलाल उधळा, पण विचारायचं ते विचारत राहा. आणि विचारताना खालच्या शिवारातलाही कुणीतरी हेच विचारतोय, हे ध्यानात ठेवा.