बर्नार्ड गीची चौकशी

जळगाव

प्रिय मित्रा,


तू सुचवलेली उंबर्तो एकोची ‘द नेम ऑफ द रोझ’ वाचून झाली. इतिहास, भय आणि गुन्ह्याचा तपास या तिन्ही गोष्टी एकाच कादंबरीने पेलल्या आहेत, हे तुझं म्हणणं मान्य. पण भय नेमकं कुठे आहे, यावर आपलं जमत नाही. तुला ते मृत्यूंच्या मालिकेत दिसतं: 1327 सालचा नोव्हेंबर, उत्तर इटलीतला डोंगरावरचा मठ, डुकरांच्या रक्ताच्या रांजणात डोकं खाली, पाय वर असा सापडलेला साधू, काळी पडलेली बोटं आणि जीभ. पण एका ग्रंथाच्या पानांना विष लावलंय आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटणारा मरतो, एवढं कळलं की ती भीती ओसरते. मग उरतं ते कोडं. झकास कोडं, पण कोडंच.

मला धास्ती वाटली ती बर्नार्ड गी मठात आल्यावर. हा इतिहासातला खरा माणूस; पाखंड्यांची चौकशी कशी करावी यावर त्याने ग्रंथच लिहिला होता. कादंबरीत पोटासाठी मठात येणारी गावातली एक पोरगी, एक काळं मांजर आणि एक कोंबडा, एवढ्या पुराव्यावर तो तिला चेटकीण ठरवतो. भांडारी रेमिजिओ छळाच्या नुसत्या धाकाने न केलेले खूनही कबूल करतो. तो कैदेत असतानाच मठाचा ग्रंथपाल मालाकी मरतो, त्याचीही बोटं काळी. तरी निकाल फिरत नाही. कसा फिरणार? तो चौकशीच्या आधीच ठरलेला होता. त्या पोरीचं नावही शेवटपर्यंत कुणाला कळत नाही.

इथे इटली फार लांब राहत नाही. धडगाव-अक्कलकुव्याचा सातपुडा 1998 पर्यंत तुझ्याच धुळे जिल्ह्यात होता. त्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवलेल्या बायकांच्या वाट्याला हेच आलं: पोर दगावतं, भगत नाव घेतो, आणि पुढे बाईने काही सांगून उपयोग नसतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची काढून बघ. अमुक माणूस मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवतो, असं म्हणून त्याचं जगणं मुश्कील करणं हा तिथे गुन्हा आहे. कायद्याला गाईम्हशीच्या दुधापर्यंत उतरावं लागलं, यावरून आरोप कसले होत असतील ते कळतं.

तू म्हणशील, कुठे आडगावचा भगत आणि कुठे पोपचा विद्वान अधिकारी! पण माझा मुद्दा तोच आहे. बर्नार्ड अडाणी नाही. कागद, साक्षी, कार्यपद्धती सगळं त्याच्यापाशी आहे. त्यामुळे हे भय शाळा काढून संपणारं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. तपास करणारा विल्यमही चुकतो. बायबलातल्या कर्ण्यांच्या क्रमाने खून होताहेत असं तो धरून चालतो, तसा क्रम मुळात नसतोच, आणि ग्रंथालय शेवटी जळतंच. मग दोघांत फरक काय? फरक असा की विल्यमची चूक पुरावा पुढे आला की ढासळते आणि तो ते कबूल करतो. धुळेकराला हे वेगळं सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरी अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्या. त्यांचे स्वतःचे कितीतरी निष्कर्ष आज कुणी मानत नाही, पण ते खोडता येतात ते त्यांनीच साधनं छापून ठेवली म्हणून. बर्नार्डच्या चौकशीत खोडायला जागाच नसते.

कादंबरीवरच्या 1986 च्या सिनेमाला मात्र हे सोसलेलं नाही. त्यात पोरगी वाचते आणि गावकरी बर्नार्डचा काटा काढतात. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकत घरी जातो. खरा बर्नार्ड गी 1331 मध्ये वारला, तेव्हा तो लोदेव्हचा बिशप होता.

तुझा
मित्र