जेनी बोलते तेव्हा

मुलाचा ठाण्याला टू बीएचके. लोन जवळजवळ फिटलेलं. कंपनी वर्षभरात ऑनसाइट पाठवणार. निर्व्यसनी. ‘अजून काय पाहिजे तुला?’ आईचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे आत कुठेतरी होतं, पण तोंडातून बाहेर पडेल अशा अवस्थेत नव्हतं. मी तेव्हा सव्वीसची.

त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीनं एक पुस्तक हातात कोंबलं. ‘लव्हस्टोरी आहे गं, वाच.’ पुस्तकाचं नाव ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’, लेखिका झोरा नील हर्स्टन, साल १९३७. सकाळच्या फास्टमध्ये एका हातानं कडी धरून वाचायला लागले. दादर येऊन गेलं, ते मला भायखळ्याला कळलं.

कारण साधं होतं. फ्लोरिडातल्या सोळा वर्षांच्या जेनीसाठीसुद्धा स्थळ आलं होतं! लोगन किलिक्स. वयानं बराच मोठा, पण साठ एकर जमीन नावावर. स्थळ ठरवणारी होती तिची आजी, नॅनी. ही नॅनी गुलामगिरीत जन्मलेली. मालकानं तिच्यावर लादलेलं मूल तिनं वाढवलं. पुढे त्या मुलीवरही बलात्कार झाला आणि त्यातून जेनी जन्मली. त्यामुळे नॅनीचा हिशोब पक्का. गोरा माणूस आपलं ओझं काळ्या पुरुषाच्या डोक्यावर देतो, आणि तो ते आपल्या बायकांकडे सरकवतो. या उतरंडीत नातीला कुणी हात लावू नये, तर तिच्या पायाखाली जमीन हवी. प्रेमबिम नंतर बघता येईल.

म्हातारीचा राग येतो, पण तिला खोटं पाडता येत नाही. माझ्या आईलाही मला तेव्हा खोटं पाडता येत नव्हतं. तीस वर्षं भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या बाईनं टू बीएचकेला नावं ठेवायची तरी कशी?

जेनी लग्न करते. प्रेम मागून येईल म्हणून वाट बघते. येत नाही. मग रस्त्यानं जाणारा एक टापटीप, महत्त्वाकांक्षी माणूस भेटतो, जो स्टार्क्स. ती त्याच्यासोबत निघून जाते. दोघं ईटनव्हिलला येतात. हे गाव खरंखुरं आहे, बरं का. काळ्या लोकांनी वसवून १८८७ मध्ये रीतसर नगर म्हणून नोंदवलेलं. हर्स्टन स्वतः तिथेच वाढली. तिचे वडील काही काळ तिथले मेयर होते.

कादंबरीत मेयर होतो तो जो. दुकान उघडतो, रस्त्यावर दिवा लावतो. समारंभात कुणीतरी म्हणतं, मेयरबाईंनी दोन शब्द बोलावेत. जेनी काही बोलण्याआधीच जो सांगून टाकतो की माझ्या बायकोला भाषणंबिषणं जमत नाहीत, तिची जागा घरात. बस. मारझोड नाही, आरडाओरडा नाही (ते पुढे येतंच). हसत हसत तिचं वाक्य त्यानं गिळून टाकलं.

हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं. आदल्याच दिवशी मीटिंगमध्ये माझ्याच प्रेझेंटेशनवरचे प्रश्न ‘मी सांगतो, मी सांगतो’ म्हणत टीम लीडनं स्वतःकडे घेतले होते. माणूस तसा चांगला. मला घरी लवकर सोडणारा वगैरे. म्हणूनच तक्रार करावी तरी कशाची, हे कळत नव्हतं.

मग केसांचं प्रकरण. जेनीचे केस लांब, भरघोस. दुकानात एक गिऱ्हाईक हळूच तिच्या वेणीच्या टोकाला हात लावताना जोला दिसतं. त्या दिवसापासून दुकानात डोक्याला फडकं बांधूनच यायचं, असा हुकूम. कारण मात्र सांगत नाही. पोर्चवर अख्खं गाव जमून गप्पा, थापा, टिंगल चालते, त्यात तिला भाग घ्यायला बंदी. हे जवळपास वीस वर्षं. शेवटी एका दिवशी तंबाखू नीट कापता आली नाही म्हणून तो चारचौघांत तिच्या वयावर, शरीरावर घसरतो. आणि ही बाई उलट बोलते. असं काही बोलते, की मेयरसाहेबांच्या पुरुषपणाची गावासमोर पार शोभा होते. तो तिला मारतो, आणि त्यानंतर आतून ढासळतच जातो. तो गेल्यावर ती आरशासमोर डोक्यावरचं फडकं सोडते, केस बघते, विंचरते आणि पुन्हा बांधते. लोक बाहेर वाट बघताहेत ना! फडकी ती नंतर जाळते, अंत्यविधी उरकल्यावर. हा मधला थोडासा वेळ हर्स्टनला दिसला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता टी केक. ज्याच्यासाठी माझ्या मैत्रिणीनं हे पुस्तक चार वेळा वाचलंय. जेनी चाळिशीची, हा पंचविशीच्या आसपासचा, खिशात दमडी नाही. दुकानात येतो आणि विचारतो, चेकर्स खेळणार? तिला येत नाही. कुणी शिकवलंच नाही. तो सोंगट्या मांडून शिकवायला बसतो. हिला खेळावंसं वाटत असेल, हे त्याला सहज वाटलं, एवढ्यावरच ती विरघळते. मीही विरघळले. फुलं नाहीत, हिरा नाही, फक्त ‘बस, खेळूया’.

पण हा टी केक लग्नानंतर तिचे लपवलेले दोनशे डॉलर्स न सांगता नेतो आणि मजुरांना पार्टी देतो, तीही तिला न बोलावता. पुढे एव्हरग्लेड्समध्ये शेंगा तोडायच्या कामावर असताना तिला मारतो. का? तर ती आपली आहे, हे दुसऱ्याला दाखवायला. आणि जेनी त्याच्यावर प्रेम करत राहते. मी मैत्रिणीशी कॅन्टीनमध्ये यावरून कडाक्याचं भांडले. ‘ही कसली स्वतंत्र बाई?’ ती म्हणाली, ‘तुला पोस्टर हवंय का माणूस?’ आजही त्या पानांशी माझं जमलेलं नाही.

हर्स्टनवर टीका झाली ती मात्र वेगळ्याच कारणानं. रिचर्ड राईटसारख्या मोठ्या काळ्या लेखकानं १९३७ मध्येच लिहिलं, की या कादंबरीत सांगण्यासारखं काही नाहीच. त्याला वर्णद्वेषाविरुद्धची लढाई हवी होती. हिनं एका बाईचं प्रेम आणि पोर्चवरच्या गप्पा लिहिल्या, तेही गावाकडच्या बोलीत. (ती बोली डोळ्यांनी वाचली तर काही कळत नाही. ओठ हलवत वाचायची. लेडीज डब्यात बायका माझ्याकडे संशयानं बघायच्या.) बार्नर्ड कॉलेजमध्ये मानववंशशास्त्र शिकलेली, लोककथा गोळा करत हिंडलेली ही बाई. हैतीत असताना अवघ्या सात आठवड्यांत तिनं ही कादंबरी लिहिली. नंतर वाचक विसरले. उतारवयात मोलकरणीचं कामही केलं. १९६० मध्ये ती फोर्ट पिअर्सला सरकारी आश्रयगृहात गेली, तेव्हा कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. १९७३ मध्ये ॲलिस वॉकर गवतातून वाट काढत गेली, अंदाजानं जागा ठरवली आणि दगड बसवला. दोन वर्षांनी तिनं ‘मिझ’ मासिकात त्यावर लिहिलं, आणि १९७८ मध्ये कादंबरी पुन्हा छापून आली. २००५ मध्ये ऑप्रा विन्फ्रीनं हॅली बेरीला घेऊन टीव्हीसाठी सिनेमा काढला, तोवर ती अमेरिकेत कॉलेजांच्या अभ्यासक्रमात जाऊन बसली होती.

शेवटाकडे वादळ येतं. १९२८ मध्ये ओकीचोबी तळ्याचा बांध फुटून हजारो माणसं गेली, बहुतेक काळे मजूर. शवपेट्या गोऱ्यांसाठी, काळ्यांसाठी सामुदायिक खड्डे. कादंबरीत याच पुरात जेनीला वाचवताना टी केकला पिसाळलेला कुत्रा चावतो. काही आठवड्यांनी भ्रमात तो तिच्यावरच पिस्तूल रोखतो, आणि तिला त्याला गोळी घालावी लागते. मग कोर्ट, गोरे ज्युरी. जेनी साक्ष देते आणि सुटते. आता गंमत बघा, ज्या बाईला बोलता यावं म्हणून आपण अख्खं पुस्तक ताटकळलो, तिचं कोर्टातलं भाषण तिच्या शब्दांत छापलेलंच नाही! ती त्यांना समजावत होती, एवढंच निवेदनात येतं. पुष्कळ समीक्षक यावर चिडले आहेत.

मी चिडले नाही. कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं, की ही सगळी कथा जेनी आपल्याला सांगतच नाहीये. ती गावी परत आलीय, अंगात मजुराचे कपडे, पाठीवर वेणी, आणि पोर्चवरचं गाव कुजबुजतंय. त्यांना ती उत्तर देत नाही. मैत्रीण फीबी झाकलेल्या ताटलीत भात घेऊन येते. जेनी जेवते, दुखरे पाय पाण्यात बुडवते आणि तिला सांगायला बसते. बाकीच्यांना सांगायचं की नाही, ते फीबीनं ठरवावं.

स्थळाला नकार मी आईला दिलाच नाही. म्हणजे आधी नाही. रविवारी मैत्रिणीच्या घरी गेले, तिनं खिचडी टाकली आणि मी दोन तास बोलले. त्या मुलात वाईट काही नव्हतं, हेही बोलले. बोलता बोलता मलाच कळलं, मी काय म्हणतेय ते. मंगळवारी आईला सांगितलं. ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी विचारलं, ‘ते पुस्तक कसलं वाचत होतीस गं?’

मी म्हटलं, एका आजीचं आहे. तिच्याकडे साठ एकरांचं स्थळ आलेलं असतं. आई गॅस बारीक करून स्टुलावर बसली. ‘मग?’